हेझलडीनच्या रानातली वाट

नेदर्टन, श्रॉपशर
१८ फेब्रुवारी

चि. पियर्स यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं रडगाणं आता पुरे. पन्नाशी उलटली की गुडघे बोलायचेच. आईचे तर चाळिशीतच बोलायला लागले होते. तू समुद्राकाठी एकटा राहतोस, तुझं ऐकायला दुसरं कोणी नाही, म्हणून मी ऐकून घेते इतकंच.

मुद्द्याचं लिहिते. हे पत्रात लिहिता येतंय, फोनवर बोलता आलं नसतं. डोळे गेल्यापासून ऑब्रीचे, तुझ्या या मेव्हण्याचे, कान फार तिखट झालेत.

गेल्यापासून असं लिहून गेले खरी, अजून पुरते गेलेले नाहीत. कडेकडेचं थोडं दिसतं, मधलं नाही. माझा चेहरा बघायचा असला की माझ्या कानाकडे बघतो. डोळ्यात इंजेक्शनं देत होते ती डॉक्टरबाईंनी थांबवली. आता उपयोग नाही म्हणाल्या. घरी येताना तो गाडीत सारखा हवामानाबद्दल बोलत होता.

तरी रोज सायकल बाहेर काढतो. त्याचं म्हणणं, या टेकड्यांतल्या खडीच्या वाटा त्यानेच शोधल्या, त्यानेच एकमेकींना जोडल्या, बर्मिंगहॅमची पोरं त्याच्या नकाशावर फिरतात, मग त्याला डोळे कशाला लागतात? चाकाखाली बारीक खडी आली की ओढा जवळ, गोटे लागले की चढ. मंगळवारी स्वारी एका फाटकावर जाऊन आदळली. मेंढ्यांच्या मालकाने घरी आणून सोडला. हनुवटीला टाके पडले, पुढचा दात गेला. वर मला म्हणतो, फाटक एरवी उघडं असतं, चूक फाटकाची.

एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. हेझलडीनचं रान तोडलं. तिथल्या ॲशच्या झाडांना मर लागली होती, शेंड्याकडून वाळत आली होती, वाटेवर फांद्या कोसळायच्या. हिवाळ्यात यंत्रं आली आणि सगळं आडवं करून गेली. डोंगराच्या पलीकडे आहे म्हणून त्याला आवाज आला नाही. रस्त्याकडेची चार झाडं काढताहेत आणि वाट चिखलाने बंद आहे, असं मी सांगितलंय. गावालाही बजावून ठेवलंय. सगळ्या वाटांत ती त्याची लाडकी. एक एक गोष्ट हातची सुटत असताना हीही कशी सांगू?

तूच काही सुचव. तुझी माया आहे, तिचाच आधार.

तुझी
हेस्टर

----

व्हिटबी
४ मार्च

प्रिय हेस्टर, सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पान ऑब्रीला वाचून दाखव. ऑब्री, फाटकाशी तुझं जुनं वैर असेल तर ते दिवसाउजेडी निस्तरायचं असतं. मला इथे एक जोडसायकल मिळाली आहे, दोन जणांनी मागेपुढे बसून चालवायची. जाड टायरांची आहे, खडीवर चालेल. मे महिन्यात घेऊन येतो. पुढे मी बसेन, मागे तू. गेली तीस वर्षं चढावर तू पुढे आणि मी धापा टाकत मागे, असं चाललं. आता मी ढकलतो की तू, हे कोणाला कळणार नाही.

हेस्टर, हा दुसरा कागद तुझ्यासाठी. रानाचं वाचून हातातला चहा गार झाला. मला विचारशील तर सांगून टाक. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. पण तुझ्या घरात तू राहतेस, मी नाही. त्यामुळे आग्रह धरत नाही.

ऑब्रीला प्रेम सांग, आणि स्वतःही दोन घास नीट खा.

तुझा
पियर्स

----

नेदर्टन
१५ मार्च

चि. पियर्स, आशीर्वाद.

घाईत लिहिते. तुझं पान त्याला वाचून दाखवलं. किती दिवसांनी हसला. लगेच शेडमध्ये गेला आणि चाचपत चाचपत हेल्मेट पुसत बसला. जेवताना तुमच्या फेरीची आखणी सुरू आहे.

तू ये. पण हेझलडीनला नेऊ नकोस, एवढं माझं ऐक. कड्यावरच्या वाटेने जा, ओढ्याकडून उतरा. उन्हाळा जाऊ दे, मग मीच सांगेन.

ये, वाट बघते.

हेस्टर

----

व्हिटबी
२० मे

प्रिय हेस्टर, नमस्कार.

तुझ्या घरून निघताना तुझ्याकडे नीट बघवलं नाही. तू दारात डबा हातात दिलास आणि मी नुसता घेतला. काय झालं ते ऑब्री तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

सुरुवात फार चांगली झाली. चर्चच्या मागच्या चढावर तो मागून हसत होता, मला म्हातारा घोडा म्हणत होता. प्रत्येक वळण आधी सांगायचा, आणि एकही चुकलं नाही. कड्यावर फाटा आला तिथे मी तुझ्या सांगण्याप्रमाणे डावीकडे वळलो. त्याने लगेच विचारलं, डावीकडे का? मी म्हटलं, उजवीकडे चिखल आहे. तो म्हणाला, तीन आठवडे थेंब पडलेला नाही, कसला चिखल? मग तो हळू आवाजात म्हणाला, पियर्स, एकदाच. पुढच्या वर्षी हे कडेकडेचंही दिसणार नाही मला.

हेस्टर, मी परत उजवीकडे वळलो. तू असतीस तर तूही वळली असतीस.

उतार संपला की रानाची सावली लागते, ते तो आधीच सांगत होता. आता गार वाटेल, म्हणाला. गार वाटलं नाही. ऊन तसंच तोंडावर. डोक्यावर चंडोल गात होता. त्याने पायडल मारणं थांबवलं. चंडोल झाडांत गात नाही, उघड्यावर गातो, हे मला त्यानेच कधीतरी शिकवलं होतं.

“पियर्स, झाडं कुठायत?”

“तोडली.”

“किती?”

“सगळी.”

तो खाली उतरला. मी हात धरायला गेलो तर झटकला. पायाने चाचपत पुढे गेला, एक बुंधा लागला, त्यावर वाकून हात फिरवला. मग दुसरा, मग तिसरा. पार लांबवर गेला. मी सायकल धरून उभा होतो. शेवटी एका बुंध्यावर बसला आणि विचारलं, हेस्टरला माहीत होतं का. मी हो म्हटलं.

“म्हणजे गावालाही,” तो म्हणाला. “मी हिवाळाभर पबात विचारत होतो, हेझलडीन कसं आहे? सगळे सांगायचे, छान आहे.”

परत येताना एकही वळण त्याने सांगितलं नाही.

मी तुला दोष देत नाही. तू मला देऊ नकोस, एवढंच मागतो.

तुझा
पियर्स

----

नेदर्टन
९ जुलै

चि. पियर्स यास आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुला कसला दोष देऊ? तो डबा कधीही पाठव, घाई नाही.

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. दाढी करतो, वाढलेलं जेवतो, चहा दिला की आभार मानतो. आभार! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी मानले नव्हते. मी एकदा रडून सगळं बोलले, का लपवलं, कसं लपवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तू चांगल्यासाठीच केलंस. मग खुर्ची खिडकीकडे वळवून बसला. खिडकीतून त्याला काय दिसणार?

पबात जात नाही. मित्र येऊन गेले, त्यांच्याशी क्रिकेटचं बोलला. मी फुलांचं, पावसाचं काही सांगितलं तरी मान हलवतो. पण त्याला ते खरं वाटत नाही, हे मला कळतं. आता मी आकाश निळं आहे म्हटलं तरी ते माझ्या शब्दावर घ्यायचं, आणि माझा शब्द मीच घालवून बसले.

गेल्या आठवड्यात म्हणाला, माझी सायकल कोणाला तरी देऊन टाक, चालवणाऱ्याला दे. मी गावाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. रविवारी वुल्व्हरहॅम्प्टनहून एक जोडपं आलं, ब्रायोनी आणि तिचा नवरा. ब्रायोनी मोठी गोड मुलगी. त्यांनी गाडी खाली पबाशी ठेवली होती. ती ऑब्रीला म्हणाली, आम्ही तुमच्याच नकाशावर फिरायला शिकलो, आता इथून कुठली वाट धरू?

आणि तो मनापासून बोलायला लागला, पियर्स. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. कड्यावरून उजवीकडे घ्या म्हणाला. उतार संपला की हेझलडीनचं रान लागेल. आत शिरलं की वर फांद्यांची कमान आहे, उन्हाचे कवडसे वाटेवर हलतात, त्यामुळे खड्डे दिसत नाहीत, जपून. ओल्या मातीचा आणि रानलसणीचा वास येईल. मधे एक ॲश वाटेवर वाकलेला आहे, उंच माणसाने मान खाली घालायची. असं बराच वेळ. मुलगी मन लावून ऐकत होती. तिचा नवरा माझ्याकडे बघायला लागला. येताना ते त्याच बाजूने, तोडलेल्या रानावरून, आले असावेत. मी मान खाली घातली. त्याने बायकोच्या कोपराला हात लावला, ती समजली, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने. नक्की जाऊ म्हणाली.

मग ती दोघं सायकल हाताने ढकलत निघाली. खाली, पबाकडे, गाडीकडे. चढाकडे नाहीच.

ऑब्री दारात उभा होता. उताराला लागलेल्या चाकाची टिकटिक त्याच्याइतकी कोणाला ओळखता येते? आवाज विरेपर्यंत तो थांबला, मग माझ्या कानाकडे तोंड वळवून त्याने विचारलं, “वर गेली ना?”

मी म्हटलं, “हो, वर गेली.”

त्याने मान हलवली. चहा टाकतेस का, म्हणाला, आणि आत जाऊन बसला.

जोडसायकल घेऊन जायला सवडीने ये. आम्हाला विसरू नकोस, याहून जास्त काय लिहू.

तुझी
हेस्टर