यजमानांच्या नावाचं कुलूप

८ जानेवारी २०२४, सोमवार. सकाळी, चहानंतर.
आजपासून डायरी. मी बोलणार, नातसून हेमा फोनवर टाइप करणार. ही डायरी माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे एकदम सेफ.

कारण असं की, शेजारच्या तुळजाबाईंच्या नावावर कुणीतरी परस्पर कर्ज काढलं. तुळजाबाई रडत आल्या. मी धीर दिला. म्हटलं, बाई, आधार कार्डाच्या झेरॉक्सा दिसेल त्याला वाटत सुटलात, प्रसाद आहे का तो? आणखी रडल्या.

माझं असं व्हायचं नाही. जमीन बिल्डरला दिली तेव्हाची ठेव गावच्या पतपेढीत माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती आहे तोवर घरातला पहिला चहा मला मिळतो. ती गेली की त्याच कपबश्या मी विसळायच्या.

१० जानेवारी, बुधवार.
संकल्प एक: आधार कार्ड कुणाला दाखवायचंसुद्धा नाही. ज्वारीच्या डब्यात तळाला खुपसलं. चोराचा बाप ज्वारीत हात घालणार नाही.

संकल्प दोन: पतपेढीत जाऊन गुप्त शब्द ठेवला. मला सही येत नाही, त्यामुळे फोनवरून काम करायचं तर तो शब्द बोलावा लागतो. मी यजमानांचं नाव ठेवलं. सगळा संसार झाला, पण ते तोंडातून काढलं नाही, आता काय काढणार? तिथली क्लार्क शकू आमच्याच गावातली. मी नुसती लाजले, तिने बरोबर लिहून घेतलं.

घरी येताना हेमा म्हणाली, आजी, आजोबांचं नाव आपल्या बिल्डिंगच्या गेटवर लाइट लावून लिहिलंय. म्हटलं, असू दे. मला वाचता येत नाही, म्हणजे माझ्याकडून फुटायचं नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार.
जेवताना यजमानांना सांगितलं, तुम्ही आता माझं कुलूप आहात. हे म्हणाले, कुलपाला गंज चढलाय. मग म्हणाले, आज भाकरी कचकच लागती, काय घातलंस काय?
ज्वारी कालच गिरणीतून आली. गिरणीवाल्यांना हल्ली कामात लक्ष नको.

१६ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळ.
दुपारी फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणे, ओटीपी सांगा. मी चांगला फैलावर घेतला. म्हटलं, आमचं बँकेत काही नाही, ठेव गावच्या पतपेढीत आहे, तिथे ओटीपी चालत नाही, गुप्त शब्द लागतो! फोनवरच्या मुलाने लगेच सूर बदलला. मग म्हणाला, आजी, तो शब्द तर मला नकाच सांगू. इतका प्रामाणिक. म्हटलं, सांगणार कशी रे, नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. तो म्हणाला, माझी आजीसुद्धा फक्त उखाण्यात घ्यायची हो. आवाज भरून आला त्याचा. मग हेमाच्या लग्नात घेतला होता तो उखाणा म्हणून दाखवला:

जिथे होती ज्वारी, तिथे आता लिफ्ट,
सर्जेराव मिळाले, हीच मला गिफ्ट.

पलीकडे टाळ्या! नाव मी सांगितलेलं नाही. उखाण्यात येतं ते सांगणं नव्हे.

हे टाइप करता करता हेमा पांढरीफटक पडली आणि पतपेढीला फोन लावत सुटली. पतपेढी त्या वेळी केव्हाच बंद झालेली. हिंजवडीच्या ऑफिसची बस दमवते पोरीला.

१७ जानेवारी, बुधवार.
सकाळीच शकूचा फोन. पतपेढी उघडल्या उघडल्या कुणी बाई म्हणे माझ्या नावाने, मथुराबाई म्हणून फोनवर बोलली, ठेव मोडा म्हणाली. शकूने गुप्त शब्द विचारला तर धाडकन, सर्जेराव! शकूने फोन ठेवला आणि खातं गोठवलं. मला म्हणाली, आजी, नाव असं कांद्याच्या भावासारखं ओरडली, तेव्हाच ओळखलं, ह्या तुम्ही नाही.
पाहा. योजना शंभर टक्के यशस्वी.

१९ जानेवारी, शुक्रवार.
खातं उघडून घ्यायला सगळे गेलो. आधार कार्ड मागितलं. तेव्हा कचकच भाकरीचा उलगडा झाला. कार्ड आम्ही खाल्लंय.

अंगठा मशीनवर ठेवला. मशीन नाही म्हणालं. भाकऱ्या थापून रेषा गेल्या असणार.

शकू म्हणाली, मग गुप्त शब्द तरी बोला. मागे रांगेत निम्मं गाव, शेजारी हे उभे. म्हणाले, अगं बोल की, मीच हाय! पण तोंड उघडेना. पदर तोंडाला लावून उभी राहिले. रांगेतून कुणीतरी ओरडलं, मी सांगू का, मावशी?

शकू हसली. म्हणाली, खरी मथुराबाई हीच. पतपेढीच्या साहेबांनाही पटलं. खातं उघडलं.

मग हेमाने तिथल्या तिथे गुप्त शब्द बदलला. नवा शब्द शकूला माहीत, हेमाला माहीत. मला सांगितलेला नाही. आता माझ्याकडून काढून घ्यायची कुणाची टाप आहे?

आज पहिला चहा हेमाला मिळाला.