हत्तीचा मागचा पाय

आप्पा, तुम्ही पेणच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायचात आणि सुट्टीच्या दिवशी घरी जुन्या पद्धतीची लघुचित्रं काढायचात. नवनारीकुंजर काढायला घेतलात तेव्हा आईला समोर उभं केलंत. नऊ गोपी एकमेकींत गुंतून हत्ती होतात, वर श्रीकृष्ण बसतो. सोंड, सुळे, पोट, सगळ्यासाठी आईच. मागच्या पायासाठी ती स्वयंपाकघरात जमिनीला हात टेकून ओणवी उभी आहे, गॅसवर भात लागतोय. "भात करपतोय ओ," ती म्हणते. "करपू दे. हालू नको." मी गॅस बंद करायला उठते तर तुम्ही मलाही डोळ्यांनी खाली बसवता. त्या दिवशी तिची कंबर सरळ होईना, आणि करपलेला भात तुम्ही तिच्याच ताटात वाढलात.

चित्र पुरं झालं. आठ गोपींना कारखान्याच्या मालकांच्या सुनेचा चेहरा होता. नववी, मागचा पाय झालेली, पाठमोरी. "माझं तोंड नाय काढलंत?" आईने विचारलं. "पायाला तोंड कशाला लागतं?" अलिबागला निघालेले पाहुणे वडखळहून वाट वाकडी करून चित्र बघायला आले, तेव्हा तुम्ही तिला बाहेर बोलावून म्हणालात, "हा बघा, आमचा मागचा पाय." ते पोट धरून हसले. नंतर घरात तेच तिचं नाव झालं. "ए मागच्या पाया, पाणी आण."

शेवटी ती मला घेऊन रोह्याला मामाकडे आली आणि धाटावच्या एका कंपनीत कँटीनला लागली. पुढे तुमची उजवी बाजू लुळी पडली, शेजाऱ्यांचा फोन आला. मामा म्हणाला, "जाऊ नको गो." ती गेली. तुमचं सगळं केलं तिने. फक्त रोज जेवणाआधी तुमच्या लुळ्या बोटांत कुंचला खोचून समोर बसायची. "आता काढा माझं तोंड." कुंचला पडायचा. ती उचलून पुन्हा खोचायची, पुन्हा पडायचा. तुम्ही रडायला लागलात की मगच पदराने तुमचे डोळे पुसून पहिला घास द्यायची. तुम्ही जाईपर्यंत एक दिवस चुकवला नाही तिने.

आम्ही आता रोह्यातच असतो. आत्ताच आई दारात येऊन विचारून गेली, "कुणाला लिहितेस गो एवढं?" मी म्हटलं, "हापिसचं हाय." तुमचा विषय निघाला की ती भरल्या ताटावरून उठते. म्हणून या घरात कुणाला सांगता येत नाही, आप्पा. मला तुमची आठवण येते.