नदीपल्याडचे गोंड

सन १९६५

जंगोबाई, माह्या मोठ्या बहिनीले जोहार.

माह्या पोरीले, सोमीले, घेऊन आदिवासी पोरींच्या फुकट बोर्डिंगात गेलो होतो. मास्तरनं जात विचारली. म्या सांगतलं, सहा देव पुजनाऱ्या कुळाचे गोंड. मंग गाव विचारलं. ब्रह्मपुरीकडचं म्हनताच तो म्हने, "गडचिरोलीचे गोंड आदिवासी, इकडचे नाई. सरकारी कायदा आहे, तालुका पाहून आदिवासी ठरते."

राग नाई आला बाई, नवल वाटलं. आपन एका मायचे. तू लग्न करून वैनगंगेपल्याड गेली तं आदिवासी झाली, मी अल्याड राह्यलो तं कोन झालो? आपन देवांना आंघोळीले नदीत नेतो, तवा ते कोन्या काठाचे?

मास्तरही कोड्यात पडला. म्हने, "खरं तं भूक पाहून जागा द्यावी." पन तुह्या दिराच्या घरी धान्याचे ढोले भरले आहेत, तरी कचेरीत त्याले गोंड म्हनून भुईवरच बसवतात. त्याले कोनती भूक म्हनावं?

नावाड्यानं तुले हे सांगतलं, तं तुहा निरोप भेटला, "सोमीले माही पोरगी म्हनून धाड." तिचं गाठोडं बांधलं. तेवढ्यात शेजारची सुगंधाबाई आली. कुनब्याची विधवा, मजुरीवर जगते. तिची पोरगी बयना सोमीसंगं आमच्याच घरी आंबील पिते. म्हने, "देवाजीभाऊ, तुही पोरगी नदी वलांडली का आदिवासी होते. माह्या बयनाले कोन्या नदीपल्याड नेऊ?"

तिचं हे बोलनं लिहाले बसलो, म्हनून हे पत्र अजून नावाड्याजवळ देल्लं नाई. दोघी पोरी घाटावर बसून नावेची वाट पाहून राह्यल्या. गाठोडं दोघींच्या मधात आहे.

तुहा भाऊ,
अल्याडचा देवाजी