हिच्या डोळ्याची पट्टी

उस्मानाबाद, गुरुवार. माघ महिना, सन १९४३.

आज हिच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. दिसतंय हिला! मोतीबिंदू काढून घरी आणल्यापासून नीट श्वास घेतला तो आज.

डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकला येऊ देऊ नका, जखम उकलेल. आणि रविवारी मीच आमटीला मिरचीची फोडणी दिली. तीस वर्षं अदालतीत पेशकारी केली, आता निवृत्त होऊन वजीफ्यावर बसलो, पण चूल कधी फुंकली नव्हती. धुरानं हिला ठसका लागला. किती वेळ खोकत होती. तो खोकला चार दिवस कानात घुमतोय. डॉक्टरांना का नाही सांगितलं? भ्यालो, दुसरं काय.

दुपारी डॉक्टर घरी आले. पट्टी सोडताना मी खिडकीकडं तोंड करून उभा. मागून हीच म्हणाली, "अगबाई, दाढी किती वाढलीय तुमची!"

डॉक्टर गेल्यावर कबूल केलं, "त्या ठसक्यानं डोळा गेला असता तुझा."

"मला न्हाय का कळलं? लई कळ आली होती तवा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुन्हा चुलीपाशी बसला असता का? जन्मात पहिल्यांदा कुणी आयतं वाढत होतं मला."

दोघंही किती तरी वेळ हसलो. संध्याकाळी ती उठायला लागली, मी उठू दिलं नाही. भाकरी आज थोडी फुगली.