धुक्यातली ओ

रविवार, १२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. माझ्या नातीने, माएलीसने, गाडी अशी हाकली की प्रत्येक वळणाला माझी आतडी एक वळण मागे राहायची. वर पुन्हा विचारते, आजी, डोंगर बघतेस ना? म्हटलं, डोळे मिटून घेतलेत, मरताना काय बघायचंय. वाटेत तीन जुनी गावं दाखवली. प्रत्येकात एक पूल, एक चर्च आणि फोटो काढणारे चाळीसजण.

कोम्बरूसला मात्र चिटपाखरू नाही. दगडी घरं, दगडी पाट्यांची छपरं, आणि समोर अख्खा लोझेरचा डोंगर तांबूस गवत पांघरून पडलेला. बघून मन निवलं, खोटं कशाला बोलू. घर आठ दिवसांसाठी घेतलंय. गादी कडक, सुरी धारदार, चूल धूर करत नाही. आणखी काय हवं?

वही माएलीसनेच दिली. म्हणाली, तोंड चालतंच तुझं, आता हात चालव. मी शाळेत जायचे ती फक्त हिवाळ्यात. उन्हाळाभर याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आजोबांच्या मेंढ्या राखायचे. तेव्हा ज्याला चुका काढायच्या असतील त्याने वाचू नये. ती पुढच्या रविवारी दुपारी न्यायला येईल. मोबाईल मी मुद्दाम गाडीत टाकून आले. आठ दिवस ती किरकिर नको.

सोमवार, १३

सकाळी लख्ख ऊन. पाव आणि सुकं सॉसेज घेऊन वरच्या पडक्या मेंढवाड्यापर्यंत चढले. त्याच्या मागे सरळसोट कडा आहे. काठावर पाय सोडून जेवले, वयाला न शोभणारं. खाली दरीत ससाणे फिरत होते.

अकराच्या सुमारास धुकं पडलं. आलं नाही, पडलं, भांड्यावर झाकण पडावं तसं. स्वतःचे बूट दिसेनात. अशा वेळी बसून राहायचं असतं, तशी बसले. मग खालून घंटा ऐकू आली. या डोंगरावर गावोगाव धुक्यासाठी, बर्फासाठी अशी घंटा असते, पाद्रीबाबाचा तिच्याशी संबंध नाही. आजोबांनी कान पिळून शिकवलं होतं, घंटा ऐकली की ओ द्यायची. म्हणजे वाजवणाऱ्याला कळतं की कुणीतरी बाहेर आहे, तो दोर सोडत नाही. शहरातली बाई असती तर गप्प राहिली असती. मी ओरडले, आले! आले गं बाई, आले!

आवाजाच्या मागे मागे खाली आले तर काल चिटपाखरू नव्हतं त्या गावात सातजण घंटेभोवती उभे. वाजवणारा आठवा, एक वाळका बुवा, दाढी छातीपर्यंत, फिरायचे बूट तळ गेलेले. मला बघून त्याने दोर टाकला, हमसून रडला आणि माझ्या दोन्ही हातांचे मुके घेतले. म्हटलं, अरे मेल्या, आधी नाक तरी पूस. बाकीचे हसले. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने, फुलक्राँ त्याचं नाव, माझं नाव विचारलं. युगेत, म्हटलं. तर म्हणतो, ओ दिलीस युगेत, फार बरं केलंस. झेली नावाच्या बाईने चेस्टनटचं गरम सूप दिलं. चव होती हाताला. ते कुणी जेवले नाहीत. आमचं झालंय म्हणाले.

मंगळवार, १४

तो दाढीवाला, बाझील, सकाळीच पाठीवर पिशवी टाकून गेला. झेली सांगते, चार दिवस डोंगर चढायला आला होता, नऊ वर्षांपूर्वी. वळणावर एकदाच मागे बघितलं त्याने. माझ्याकडे नाही, दोराकडे.

फुलक्राँ म्हणाला, इथली रीत आहे, शेवटी ओ देणाऱ्याने दोर धरायचा. मी म्हटलं, रीत तुमची तुम्हाला लखलाभ, मी आठ दिवसांची पाहुणी, आणि माझी कंबर बघितलीस का? तो चिडला नाही. सक्ती कुणाचीच नाही, म्हणाला. खुंट्याला बांधलेल्या गाईशी बोलावं तसं.

बुधवार, १५

पाव संपला. खाली पुलापलीकडच्या गावात दुकान आहे, तिकडे निघाले. ऊन होतं. सगळा उतारच, माझे गुडघे साक्ष देतील. डाव्या हाताला नदी जवळ येताना ऐकू येत होती. वळण घेतलं आणि समोर घंटा. उतरत गेले आणि वरच्या बाजूने गावात शिरले!

पुन्हा गेले. पुन्हा घंटा. तिसऱ्या खेपेला ओढ्यातच उतरले, पाण्यात पाय घालून चालले. पाणी खोटं बोलत नाही, खालीच जातं. त्या पाण्यानेही मला घंटेपाशी आणून सोडलं. झेली कोरडे मोजे घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

गुरुवार, १६

आज सगळ्यांना फैलावर घेतलं. फुलक्राँला म्हटलं, ओंडक्यासारखे हात आहेत तुझे, तूच का नाही वाजवत, आळशा? तो उठला, दोर ओढला. घंटा पुरी हलली. आतला लोळा कडेवर आपटताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आवाज नाही. मग एकेक करून साती जणांनी ओढला. काही नाही. माझ्या हातात दिला. मी नुसतं बोट लावलं तर खिडक्या थरथरल्या.

झेली पायाकडे बघत म्हणाली, एका मोठ्या बर्फाच्या रात्री आमच्या वाजवणाऱ्याला झोप लागली होती गं. आमचे नऊजण अजून बाहेर आहेत. वाजवायला जिवंत हात लागतो.

मी किती बर्फांपूर्वी ते विचारलं नाही.

शुक्रवार, १७

कळलं. मी ओ दिली म्हणून बाझील सुटला. माझ्या घंटेला कुणी ओ दिली की मी सुटेन. तो अडकेल, मी घरी. सोपं आहे. कुणी तरी शिकारी येईल, कुणी फिरस्ता. ऑक्टोबरात वर कोण येतं, मोजत बसले होते, आणि मग —

रविवारी दुपारी. माएलीस.

शनिवार, १८

दोराला हात लावणार नाही. फुलक्राँला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, आभाळ मोकळं असलं की सगळे असंच म्हणतात.

आज मोकळं आहे. उद्याही राहू दे. ऊन असलं तर तिला वाट दिसेल, घंटेची गरज नाही, ओ द्यायची गरज नाही. नवऱ्याला पुरलं त्या दिवसापासून मी प्रार्थना केली नव्हती. आज केली. नुसतं ऊन माग—

बावीस वर्षांची आहे ती.

रविवार, १९

धुकं. उजाडल्यापासून.

—

गाडीचं दार वाजलं. पुलापाशी. चढतेय. आजी! आजी गं!

—

ओरडले. खाली बस मूर्खे, हलू नकोस! चारदा. घसा फाटला. धुकं माझा आवाज गिळतंय. तिचा मात्र पोचतो.

धावले तिच्याकडे. दहा पावलं. समोर घंटा.

—

वाट चुकली. आवाज उजवीकडे, वर चाललाय. मेंढवाड्याकडे. मागे कडा —

सगळे उभे आहेत. झेलीच्या हातात वाडगा, वाफ येतेय. फुलक्राँ म्हणतो, घंटाच पोचेल, युगेत. बाकी काही नाही पोचत.

माहितीये रे मला.

वाजवली तर खाली येईल. येताना ओ देईल. मग मी घरी, आणि ती इथे, या दोराशी — किती वर्षं —

नाही वाजवली तर —

दगड घरंगळले. हसली ती. घाबरली की हसते. अगदी काठाशी —

शिव्या घाल मला, माएलीस. पण जिवंत राहून घाल.

एक. दोन. तीन. एका हाताने ओढतेय, एका हाताने —

थांबली. पावलं थांबली. ऐकतेय.

गप्प राहा. नुसती ये. तोंड मिटून ये, माझी बाय, तोंड —

तिकडून आवाज आला, आले, आजी, आ—