ढब्बूसाठी पत्र्याचं फाटक

मयूर विहार, दिल्ली
४ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं कानाचं मशीन पुन्हा बिघडल्याचं कळलं. म्हणजे फोनवर मी इथून ओरडणार आणि तू मिरजेहून कोण वारलं म्हणून विचारणार. त्यापेक्षा पत्र बरं. निवृत्त माणसाला तेवढंच टिपण लिहिल्याचं समाधान.

इकडे सगळं ठीक. आमचा अनुराग बंगळूरला रुळला. त्याच्या घटस्फोटाचे कागद जूनमध्ये झाले. केतकी आता आपली कुणी नाही, तिचं नाव घरात निघता कामा नये, असं मी अहिल्येला स्पष्ट सांगितलं आहे. पण त्या बाईने वैभवीला घेऊन आमच्याच सोसायटीत, समोरच्या ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली! एवढ्या दिल्लीत दुसरं घर मिळालं नाही. घरमालक कुत्रं ठेवू देत नाही, म्हणून ढब्बू आमच्या गळ्यात.

त्याच्याच बाबतीत सल्ला हवा आहे. आमच्या तळमजल्यामागच्या अंगणाला सळ्यांचं फाटक आहे. ढब्बू दिवसभर त्याला नाक लावून बसतो. मागच्या गल्लीतून डिलिव्हरीवाला गेला, मांजर गेलं, की भुंकतो. दुपारी शाळेची बस आली की तर काही विचारू नकोस. वेल्डिंगवाला म्हणतो, पूर्ण पत्र्याचं बसवा, आरपार दिसणं बिल्कुल बंद. अहिल्येला सळ्याच हव्यात. तू आयुष्यभर कुत्री पाळलीस. तुझं मत कळव, मग तेच करतो.

धाकट्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सूर्यकांत


मिरज
१२ ऑगस्ट २०२४

चि. सूर्यकांत यास,
अ. उ. आ.

माझं मत तू मागितलंस याचाच मला आधी धक्का बसला. लहानपणी मी सांगितलं म्हणून तू कधी छत्रीसुद्धा घेतली नाहीस.

माझं म्हणशील तर पत्रा लाव. ज्या कुत्र्याला सगळं दिसतं त्याला सगळं आपलंच काम वाटतं. आमचा वाघ्या असाच येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून घसा बसवून घ्यायचा. ह्यांनी फाटकाला आतून फळ्या मारल्या आणि आठवड्याभरात तो गार झाला. मात्र दिल्लीचा उन्हाळा लक्षात घे. वर वीतभर मोकळं सोड, खाली चार बोटं फट ठेव. अंगणाची भट्टी करू नकोस.

पण आधी एक बघ. तो फाटकाशी भुंकतो की रडतो? दोन्हीला औषध एक नाही. कुणाची वाट बघत असेल तर त्याला त्या माणसाकडे जाऊ द्यावं, फाटक बदलून भागत नाही.

अहिल्येला म्हणावं, गुडघ्यांना तेल लाव. वैभवीला पापा. ती तरी आपली आहे ना?

तुझ्या पत्राची वाट पाहते,
अक्का


मयूर विहार, दिल्ली
२२ सप्टेंबर २०२४

ती. वन्संना,
शि. सा. न.

तुम्हाला पत्र लिहिल्याचं यांना सांगितलेलं नाही. उत्तर पाठवाल तर शेजारच्या पार्वतीबाईंच्या नावाने पाठवा, पत्ता मागे लिहिला आहे.

फाटक बसलं. तुमचं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा भाग वाचला नाही, तो मी नंतर यांच्या कपाटातून काढून वाचला. ढब्बू भुंकत नव्हता, वन्सं. अडीचला वैभवीची बस मागच्या गल्लीत थांबते. ती उतरली की धावत फाटकाशी यायची, सळ्यांतून हात घालून त्याच्या कानामागे खाजवायची. पाचव्या वाढदिवसाला आणलेलं तिचंच पिल्लू ते. मी डब्यातून काहीबाही घेऊन उभी असायची. तिने घरात यायचं नाही आणि मी तिच्याकडे जायचं नाही, हा हुकूम आम्ही पाळत होतो. सळ्यांमधून हात घालू नये असं काही यांनी म्हटलं नव्हतं. ती पाच मिनिटं माझा अख्खा दिवस होता.

एकदा यांनी पडद्याआडून पाहिलं. आठ दिवस एक शब्द बोलले नाहीत. मग वेल्डिंगवाला आला.

पहिल्या दिवशी हे घड्याळ घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसले, मलाही शेजारी बसवलं. बस आली. वैभवीने ढब्बूला हाक मारली, तो पत्र्यावर उड्या घ्यायला लागला. मग तिने मला हाक मारली. मी उठले तर हे शांतपणे म्हणाले की चहा निवतोय, आधी तो संपव. ती चार वेळा आजी, आजी म्हणाली. मी चहा प्यायले, वन्सं. मी बसून राहिले आणि चहा प्यायले.

आता ती खालच्या फटीतून बोटं सरकवते आणि ढब्बू ती चाटतो. काल हे वाकून ती फट बघत होते. तुम्ही यांना काही लिहाल का? तुमचं एकटीचं ऐकतील.

मला आपल्यातली समजा,
अहिल्या


मिरज
१ ऑक्टोबर २०२४

सूर्यकांत,

आशीर्वाद आज राहू देत.

मला कुणी काही कळवलं असेल-नसेल, ते तू शोधू नकोस. तू मला कुत्र्याचं विचारलंस आणि मी कुत्र्याचं उत्तर दिलं. नऊ वर्षांच्या नातीला बाहेर ठेवण्यासाठी माझं नाव वापरलंस. घटस्फोट अनुरागचा झालाय, तिचा नाही. हे पत्र मिळेल त्या दिवशी पत्रा काढ. मोठी बहीण म्हणून सांगते आहे, सल्ला म्हणून नव्हे.

अक्का


मयूर विहार, दिल्ली
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पोचलं. ते कुणाच्या सांगण्यावरून आहे हे मला कळतं. शेजाऱ्यांचं टपाल आमच्याकडे येतं, आमचं त्यांच्याकडे जातं. मी त्यावर काही बोललो नाही, बोलणारही नाही. अहिल्येला ते जास्त लागतं.

पण घडलेलं ऐक, म्हणजे पत्रा किती आवश्यक होता ते तुला पटेल. फाटक बसल्यावरही ढब्बू बसच्या वेळी नखांनी पत्रा ओरबाडायचा. रंग गेला, नखांतून रक्त यायचं, फरशी घाण. त्याला वळण लावायला मी एक साधा उपाय केला. बाहेरून मुलीची हाक आली आणि हा पत्र्याशी गेला, की मी वेताची छडी त्याच्या पाठीत एकदा मारायची. रागाने नाही, नियमाने. सहा दिवसांत सुधारणा दिसली. हाक आली की कोपऱ्यात जाऊन थरथरत बसायचा.

सातव्या दिवशी वैभवीने फटीतून हात घातला. ढब्बू कोपऱ्यातून आला आणि त्याने तिची दोन बोटं धरली. तिने ओरडून सोसायटी जमवली. पाच टाके पडले, इंजेक्शनं चालू आहेत. केतकी दारात येऊन मला वाटेल ते बोलली. मी तिला एवढंच म्हटलं की चावऱ्या कुत्र्यापासून मुलांना वाचवायलाच मी पत्रा लावला होता.

असं कुत्रं ठेवणं बरं नव्हे. दादरीच्या पुढे हरिदास म्हणून ओळखीचा गोठेवाला आहे, कालव्याच्या पुलाजवळ. नऊ तारखेला ढब्बूला त्याच्याकडे सोडला. तिथे छान आहे. वैभवीने रडून घर डोक्यावर घेतलं असं ऐकलं, म्हणून मी तिला निरोप पाठवला की ढब्बू मिरजेला अक्काआजीकडे आहे. ती तुला लिहील. मजेत आहे म्हणून दोन ओळी पाठव. एवढं माझ्यासाठी कर.

कानाचं मशीन दुरुस्त करून घे. राग फार दिवस धरू नये.

तुझा,
सूर्यकांत


मयूर विहार, दिल्ली
२० ऑक्टोबर

प्रिय अक्काआजी,
नमस्कार.

माझी मराठी लिहायची प्रॅक्टिस कमी आहे, सॉरी. ढब्बू कसा आहे? त्याला वरण-भात पसंद आहे पण मिरची बिल्कुल नाही. विजेच्या आवाजाला तो घाबरतो, तेव्हा त्याच्या अंगावर जुनी चादर टाक. त्याला मारू नको. त्याने मला मुद्दाम नाही चावलं. त्याला दिसत नव्हतं की मी आहे.

माझी बोटं ठीक होत आहेत. पेन्सिल पकडता येते, हे पत्र मीच लिहिलं. तू त्याचा फोटो पाठवशील का? मम्मी म्हणते सुट्टीत मिरजला जाऊ. तोपर्यंत तो मला भूलेल का?

तुझी नात,
वैभवी


मिरज
२८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अहिल्या हिस,
अ. उ. आ.

हे पत्र केतकीच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तुझं टपाल तुझं राहिलेलं नाही. सोबत वैभवीचं पत्र आणि सूर्यकांतचं पत्र ठेवलं आहे. दोन्ही तू आणि केतकीने वाचा.

पोरीला उत्तर लिहायला तीनदा बसले. ढब्बू इथे मजेत आहे, असं लिहून बघितलं आणि फाडलं. तो कुठे आहे ते सूर्यकांतच्या पत्रात आहे. केतकीला घेऊन जा. पोरीलाही न्या. घरात विचारू नकोस. एकदा चहा तसाच टाकून ऊठ.

पत्रा मीच सुचवला होता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दोघी मला काही बोललात तरी चालेल.

तुझी,
वन्सं


मयूर विहार, दिल्ली
११ नोव्हेंबर २०२४

ती. वन्संना,
शि. सा. न.

रविवारी सकाळी गेलो. मी, केतकी आणि वैभवी. पोरीने डब्यात वरण-भात घेतला होता, मिरची न घातलेला. तो मिरजेला नाही हे तिला गाडीत सांगितलं. ती रागावली नाही. उलट खूश झाली, की मग दर रविवारी येता येईल.

हरिदास भला माणूस आहे. आम्हाला बघून आधी खाट टाकली, पाणी दिलं, मग हात जोडून उभा राहिला. ढब्बू तिथे तीन दिवस होता. त्याने काही खाल्लं नाही. कुणी हाक मारली की गव्हाणीमागे जाऊन बसायचा. बारा तारखेला दोरी कुरतडून हायवेवर गेला. ट्रक होता म्हणे. हरिदासने त्याला कालव्याच्या कडेला पुरलं आणि त्याच दुपारी यांना फोन करून सांगितलं. यांनी अच्छा म्हटलं आणि फोन ठेवला. वन्सं, यांनी तुम्हाला पत्र लिहिलं ती तारीख पाहा. चौदा.

परत आल्यावर मी घरी गेले नाही. केतकीकडेच आहे. तिने न विचारता माझी गादी घातली. यांनी पार्वतीबाईंकडून एवढाच निरोप पाठवला की मागच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठे आहे.

तुम्हाला मी काय बोलू? तुम्ही पत्र लिहिलंत. मी खुर्चीवर बसले होते. सहा दिवस छडीचा आवाज स्वयंपाकघरात ऐकत होते.

एक मात्र तुम्हालाच लिहिते, कारण मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर वैभवी डबा मांडीवर घेऊन बसली होती. नोएडा आल्यावर म्हणाली की चूक तिचीच आहे. तेव्हा ती ओरडली नसती, बोटं गुपचूप खिशात घातली असती, तर कुणाला कळलंच नसतं. केतकीने गाडी कडेला घेतली. आम्ही दोघी नाही-नाही म्हणत राहिलो. तिने ऐकून घेतलं आणि मग मला समजावलं, की पुढच्या वेळी ती ओरडणार नाही.

तुम्हाला काही सुचलं तर तिला लिहा. आम्हाला नाही सुचत.

तुमची,
अहिल्या