प्रणालीच्या नळीत मारलेली फुंकर

शेंदूरजनाघाट, बुधवार

साळेबुवा डोमाजींना मेहुण्या नत्थुजीचा नमस्कार (तुम्ही वयाने धाकटे, पण तुमची बहीण माझ्या घरात, तेव्हा वाकलेले बरे).

बार्शीटाकळीची मंडळी खुशाल असतील. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत ठणठणीत आहे. छातीत थोडा गॅस होतो, एवढेच.

पत्रास कारण, गेल्या आठवड्यात सोमवारी अमरावतीला (काही कामाने, ते नंतर सांगतो) गेलो, तेव्हा पुतणी प्रणालीच्या कॉलेजात डोकावलो. पोरगी नव्या घडणीचा स्टेंट तपासते आहे. म्हणजे हृदयाची तुंबलेली नस उघडी ठेवणारी बारीक जाळी. रबरी नळीत जाळी बसवून तीन आठवडे तिने पंपाने लाल पाणी खेळवले होते, हृदयाच्या ठोक्यासारखे. ती चहा सांगायला गेली आणि मला वाटले, पाण्याची धार बारीक झाली. आता संत्र्याच्या बागेत तीस वर्षे ठिबकच्या नळ्या फुंकून साफ करणारा माणूस हात बांधून बसेल का? नळी सोडवली, टोक तोंडात धरले आणि जीव खाऊन फुंकले. जाळी टणकन फरशीवर. पंप चालूच, त्यामुळे माझा पांढरा सदरा लालभडक. दारात आलेल्या सरांना वाटले, म्हातारा गेलाच! प्रणाली "काकाजी, हे काय करून राहिले तुमी?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण काल तिचा फोन आला. "काकाजी, जाळी काठाले सैल होती. तुमी फुकलं म्हणून समजलं. आता काठ रुंद केले, कितीबी फुका, हालत नाही!" साळेबुवा, ऊर भरून आला हो. माझी एक फुंकर पुढे कोणाच्या तरी कामी येणार.

आपला,
नत्थुजी

ता. क. गॅस नाही. माझीच एक नस तुंबली आहे. पुढच्या शुक्रवारी अमरावतीला जाळी घालणार (प्रणालीची नव्हे, त्या जाळीला माणसात जायला अजून वर्षे लागतील. मला जुनी, पास झालेली). मी भीत नाही. प्रणालीला तेवढे बोललो, पण जमुनाला सांगितलेले नाही. आदल्या दिवशी, गुरुवारी या आणि तुम्हीच सांगा. तुमच्यासमोर ती मला कमी बोलते. फोन ती स्पीकरवर ठेवायला लावते, म्हणून हे पत्र.

ता. क. दुसरे. डोमाभाऊ, पिनकोड टाकाले पाकीट यायनं माह्याजवळच देलं. मले प्रणालीनं त्याच सोमवारी सारं सांगतलं, दवाखान्याची थैली भरून ठेवली हाये. तू गुरुवारी येच. माह्यासाठी नाही, यायच्याजवळ बसाले. रोज पहाटे उठून, दम उरला का म्हणून, उशीत फुकून पाहून राहिले. — जमुना